शाळेसमोरचा गाडा, भरलेलं मैदान आणि पोरांचा खाऊ: एका आईच्या पत्राला उत्तर

पत्र (थोडं कापून देतेय):

"ताई नमस्कार. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. मुलगा पाचवीत, मुलगी दुसरीत. शाळेच्या गेटसमोर गाडा आहे, शाळा सुटली की सगळी पोरं तिथेच, दहा रुपयांचं चिप्सचं पाकीट, लाल रंगाचं कसलं तरी सरबत, संध्याकाळी गोबी मंच्युरियन. घरी आली की मोबाईल. मैदान आहे पण तिथे मोठ्या मुलांची क्रिकेट टुर्नामेंट चालू असते. आमचा बायकांचा बचत गट आहे, आम्हाला वाटतं गावातल्या सगळ्याच मुलांसाठी काहीतरी करूया. पण पालक सभेत विषय काढला तर एकजण सरळ म्हणाला, 'तुज्या भुरग्यांक पळय, हेरांचें तुका कितें पडलां?' (तुझ्या पोरांचं बघ, इतरांचं तुला काय पडलंय?) सासूबाई म्हणतात आम्ही काय असं मोजूनमापून खाऊन वाढलो काय. गाडा बंद करा म्हणून पंचायतीत अर्ज देऊ का? नाहीतर सुरुवात कुठून करू? – एक आई"

ताई, अर्ज लिहून झाला असेल तर कपाटात ठेवा, फाडू नका पण देऊही नका, निदान आत्ता तरी नको. नियम तुमच्या बाजूने आहे हे आधी सांगते म्हणजे तुम्हाला धीर येईल. एफएसएसएआयने (देशाची अन्न सुरक्षा बघणारी सरकारी संस्था) २०२० साली शाळेतल्या मुलांच्या खाण्याबद्दल नियम केले, त्यात जास्त मीठ, जास्त साखर, जास्त फॅटवाल्या वस्तू शाळेच्या कॅन्टीनमध्ये आणि गेटपासून ५० मीटरच्या आत विकायच्या नाहीत असं स्पष्ट आहे. आता आपल्या गोव्यात किती गेटांसमोर हे कोणी टेप घेऊन मोजलंय ते तुम्हीच बघा. आणि समजा तुम्ही मोजून घेतलं आणि गाडा हटवला, तर तो साठ मीटरवर पिंपळाखाली लागणार आणि पोरं रस्ता ओलांडून तिथे जाणार. शिवाय गाडा चालवणारी बाई बहुतेक तुमच्याच गावची असते, तिची पोरं त्याच शाळेत असतात, आणि उद्या हळदीकुंकवाला ती तुमच्या शेजारी बसणार. एका अर्जाने अर्धा गाव तुमच्या विरोधात जाईल, आणि मग तुम्ही नाचणीचा लाडू फुकट वाटला तरी कोणी हात लावणार नाही.

म्हापसा पालिकेने २०२४ मध्ये गोबी मंच्युरियनवर बंदी घातली ते आठवत असेल, बातमी देशभर गाजली, लोक हसले, चिडले, रंग आणि सॉस कसले वापरतात त्यावर चर्चा झाली. बंदी चूक होती असं मी म्हणत नाही, तो भडक रंग बघून मलाही भीती वाटते. पण संध्याकाळी भूक लागलेल्या पोराने गोबीच्या जागी काय खायचं हे त्या सगळ्या चर्चेत कुठेच नव्हतं. तुमच्या गटाने नेमकं तेवढंच काम हातात घ्यावं असं मला वाटतं, बाकीचं पंचायत आणि एफडीए (अन्न व औषध प्रशासन) बघेल.

आधी भूक समजून घ्या. पोरगं सकाळी सातला चहा-बिस्किट खाऊन निघतं (तो चहा बंद करता आला तर बघा, रक्त वाढायला लागणारं लोह चहामुळे अंगी लागत नाही), मधल्या सुट्टीत शाळेतला आहार, आणि सुटतं ते एक-दीडला, उन्हातून, कडकडून भुकेलं. घर अजून वीस मिनिटं लांब आणि खिशात दहा रुपये. अशा वेळी त्याला पोषणावर लेक्चर देऊन काय होणार? तिथे जे समोर असेल, स्वस्त असेल, चटपटीत असेल ते जिंकणार, आणि आज तिथे फक्त पाकीट आहे. म्हणून त्या गाडेवाल्या मावशींकडे जाऊन बसा. तक्रार घेऊन नको, धंदा घेऊन जा. सांगा की तुमचा गट रोज उकडलेले चणे करून देईल, कांदा, कोथिंबीर, लिंबू पिळून, कागदाच्या द्रोणात दहा रुपयांना, आणि त्यात पाकिटापेक्षा दोन पैसे जास्त मावशींना सुटतील. उरलं तर पहिला महिना नुकसान गटाचं. जोडीला केळ्यांचा घड टांगून ठेवा, पावसात उकडलेल्या शेंगा, चवथीनंतर (गणेश चतुर्थीनंतर) उकडलेली कणगां (कंद), मे महिन्यात चुन्नां (रानातली फळं) आणि जांभळं असतातच. लाल सरबताच्या जागी घरच्या भिंड्यांचं (कोकमाच्या फळांचं) कोकम सरबत, साखर हात राखून. आणि एक छोटीशी अट घाला, पाकिटांच्या माळा पुढे लटकतात त्या मागे टांगायच्या. बंद नको, नुसत्या मागे. हात आधी कुठे जातो त्यावर अर्धा खेळ असतो, सुपरमार्केटवाले चॉकलेटं बिलाच्या काउंटरजवळ का ठेवतात ते उगाच नाही.

आणि कृपा करून बोर्डावर 'हेल्दी' लिहू नका, पोरं लांबूनच पळतील. 'तिखट चणे' लिहा.

आता शाळेतला आहार. आपल्याकडे तो बऱ्याच ठिकाणी तुमच्यासारखेच गट करतात आणि मेनू म्हणजे बहुतेक भाजी-पाव. दर तोकडे, बिलं वेळेवर मिळत नाहीत ही गटांची नेहमीची ओरड आहे, त्यामुळे त्या बायकांना दोष देऊन काही होणार नाही. पण पीएम पोषणमध्ये (शाळेतल्या आहाराची केंद्राची योजना) प्राथमिकच्या मुलाला ताटातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रोटीन मिळायला पाहिजे असा हिशेब आहे, आणि नुसत्या बटाट्याच्या पातळ भाजीत एक पाव बुडवून ते प्रोटीन कुठून येणार? भाजीत मूग, अळसांदे (चवळीसारखं कडधान्य), वाटाणे, चणे असतील तर येतं. पाव बदलायचा असेल तर पोदेराशी (पाववाल्याशी) बोला, मैद्याच्या पावाऐवजी आठवड्यातून दोन दिवस कोंड्याची पोळी (आपल्या गोव्यातली, पोदेराची, चपाती नव्हे) देता येईल काय विचारा, त्या दिवसांची शंभर-दीडशेची ऑर्डर आधी कळली तर तो कशाला नाही म्हणेल. हेडमास्तरांना विचारून आई लोकांनी पाळीपाळीने शाळेत जावं, वाढण्याआधी चव घ्यावी, आणि मुलं काय टाकतात ते बघावं. टाकलेलं बघण्यातूनच जास्त कळतं हो. भाजी टाकतात की पाव, पहिली-दुसरीची टाकतात की सातवीची, तिखटामुळे टाकतात की गार झालं म्हणून.

त्याच योजनेत तिथी भोजन म्हणून एक सोय आहे, ती आपल्याकडे फार कोणी वापरताना दिसत नाही. म्हणजे वाढदिवस, बारसं, वर्षश्राद्ध, देवळातला उत्सव, काहीही निमित्त असो, गावातलं कोणीही शाळेतल्या मुलांना त्या दिवशी जास्तीचं काहीतरी वाढू शकतं. आता वाढदिवसाला वर्गात चॉकलेटं वाटतात ना, एकेका मुलाच्या दप्तरात आठवड्याला पाच-पाच चॉकलेटं जमतात, त्याच्या जागी 'आमच्या बाबूच्या वाढदिवसाला सगळ्या शाळेला केळी' असं एकाने सुरू केलं की दुसऱ्याला मागे राहायला लाज वाटते, आपल्या गावांचा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे. केळी, पपई, मोड आलेले मूग, नाचणीचं तिजण (गोड पेज). नाचणीत १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, दुधाच्या कितीतरी पुढे, आणि तिजण गुळाचं आणि नारळाच्या रसातलं असलं की पोरं दुसऱ्यांदा मागतात. अंड्यावरून मात्र गावात वाद होऊ शकतो, त्यात पहिल्या वर्षी शिरू नका, ज्यांच्या घरी चालतं ते घरी देतील.

भाजी खात नाही म्हणून रडणाऱ्या आयांसाठी एक सांगते. नवीन भाजी पोराने स्वीकारायला आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा ती ताटात यावी लागते, जबरदस्ती न करता, चमचाभर. आपण दोनदा देतो, तो तोंड फिरवतो, आपण म्हणतो 'आमच्याकडे नाही खात' आणि विषय संपवतो. तांबडी भाजी, फागलां (कर्टुली), तायकिळो (टाकळा) हे सगळं आपल्या पावसातलं, पण आता कित्येक घरांत म्हाताऱ्यांपुरतंच शिजतं आणि पोरांसाठी वेगळे नूडल्स. इथे तुमच्या सासूबाईंना कामाला लावा. 'आम्ही काय खाऊन वाढलो' हे त्या वादासाठी म्हणतात, पण त्यात माहिती भरलेली आहे, सकाळची उकड्या तांदळाची पेज, सोबत खारे तोर (मिठातल्या कैऱ्या), दुपारी तारल्याचं हुमण (तारली माशाची आमटी), वेळ मिळेल तेव्हा झाडावरचा पेरू. शाळेच्या मागे दोन वाफे करायचे असले (पोषण बाग करा असं सरकारच सांगतं) तर तांबडी भाजी कधी पेरायची हे गुगलपेक्षा त्यांना बरं माहीत असेल. दोन-तीन आज्या आणि चौथीचा वर्ग, एवढं पुरे. मुलाने स्वतः उपटलेली भाजी तो निदान चाखून तरी बघतो.

मैदानाचं दुखणं मात्र वेगळं आहे आणि मला विचाराल तर खाण्यापेक्षा अवघड. डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) म्हणतं ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल असं हालणं हवं. साठ मिनिटं! शाळेतला पीटीचा तास पोर्शन पूर्ण करायला जातो, बालरथ (शाळेची बस) दारात सोडतो, मैदानात मोठी मुलं, आणि मग आपणच म्हणतो पोरगं मोबाईल सोडत नाही. सोडून जाणार कुठे बिचारं? मोबाईल हिसकावण्याआधी बाहेर पाच पोरं खेळताना दिसली पाहिजेत, दिसली की निम्मी आपोआप बाहेर येतात.

टुर्नामेंटवाल्यांशी भांडू नका, त्यांच्याकडून वेळ मागा. साडेचार ते सहा मुलांची, सहानंतर तुमची, शनिवार-रविवारचे सामने वेगळे ठरवू. तोंडी ठरवलंत तर आठ दिवस टिकेल, म्हणून हे ग्रामसभेत मांडून ठरावात घ्या, क्लबच्या पोरांनाच मांडायला लावलंत तर अजून चांगलं. त्यांच्यातलेच दोघे संध्याकाळी लहान मुलांना खेळवायला मिळाले तर बघा, टीशर्टावर 'कोच' छापून द्या, एवढ्यावर ती पोरं खूष असतात, खरंच. २०२३ ला नॅशनल गेम्स गोव्यात झाले तेव्हा किती स्टेडियमं चकाचक झाली, पण तुमच्या वाड्यावरच्या सात वर्षांच्या मुलीला फातोर्ड्याचं स्टेडियम काय कामाचं, तिला घरापासून दोन मिनिटांवर मोकळी जागा पाहिजे. भातकापणी झाली की मळा रिकामा असतो, मालकाला विचारा. पावसाचे चार महिने देवळाचा सभामंडप, कमिटीला सांगा चपला बाहेर, चेंडू आत नाही, लंगडी, दोरीउड्या, फुगडी. चवथीच्या आधी फुगडी आणि शिगम्याच्या (होळीच्या सणाच्या) आधी गोफ-तालगडी हे नाच तर दीड-दोन महिन्यांचे तयार व्यायामवर्ग आहेत, ढोल वाजला की बोलवावंही लागत नाही, फक्त लहान मुलांनाही त्यात घ्या, नुसतं बघायला उभं करू नका.

मुलींबद्दल वेगळं लिहितेय कारण हे राहून जातं. सहावी-सातवीला आल्या की मैदानावरून मुली गायब होतात, कोणी हाकललेलं नसतं, नुसत्या येईनाशा होतात. कारणं साधी असतात, पाच-सहा मुलगे कट्ट्यावर बसून बघतात, जवळ बाथरूम नसतं, सहाला अंधार पडतो, घरी भांडी असतात. तुमच्या गटातल्या दोन बायका रोज तिथे हजर असल्या, नुसत्या बसायला नाही, खेळायला, साडीवर लगोरी खेळल्या तरी चालेल, तर मुली टिकतात. लोक हसतील पहिले चार दिवस. हसू द्या.

शाळेत एक गोष्ट फुकट होऊ शकते. स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंगच्या एका प्राथमिक शाळेत २०१२ साली हेडबाईंनी रोज पंधरा मिनिटं सगळ्या मुलांना शाळेच्याच कपड्यांत बाहेर काढून फेऱ्या मारायला लावल्या, पळा नाहीतर चाला, शर्यत नाही, नंबर नाही, 'डेली माईल' म्हणून ते पुढे कितीतरी देशांत गेलं. याला पीटी टीचरही लागत नाही, दुसऱ्या तासानंतर पटांगणाला फेऱ्या, पावसात व्हरांड्यात. हेडमास्तर 'पोर्शन' म्हणतील तेव्हा सांगा की फेरी मारून आलेला वर्ग नंतर बरा बसतो, एक महिना करून बघा. बालरथाचंही बघा, घरापासून थोडं अलीकडे, देवळापाशी उतरवून तिथून एक-दोन मोठ्या माणसांनी सगळ्यांना चालवत न्यायचं असं जमलं तर छान. पण तुमच्याकडे खनिजाचे ट्रक त्या रस्त्याने जात असतील तर हे विसरा, धुळीत आणि ट्रकांत पोरांना चालवण्यात काही शहाणपणा नाही.

अमेरिकेत सोमरव्हिल नावाच्या शहरात २००२ पासून असंच सगळीकडून एकदम केलं होतं, शाळेचं जेवण, शाळेत चालत जायचे रस्ते, हॉटेलवाले, पालक, नगरपालिका, आणि मदतीला टफ्ट्स विद्यापीठ. पहिलीपासून तिसरीपर्यंतची मुलं. वर्षाने मोजलं तर तशाच दुसऱ्या शहरांतल्या मुलांपेक्षा फरक दिसला, पण लहानसा. हे मुद्दाम सांगतेय कारण सहा महिन्यांनी तुमच्याच गटात कोणीतरी म्हणणार 'इतकं केलं, काय झालं?' लहान फरकच होतो हो, एवढी माणसं, एवढे पैसे लावूनसुद्धा, त्यामुळे मनाची तयारी ठेवा.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. वजनकाटा आणून सगळ्यांसमोर मुलांची वजनं घेऊ नका. डॉक्टरांचं शिबिर, बॅनर, उद्घाटन, आमदारांच्या हस्ते फीत, आणि मग माइकवर 'हा जाडा, ही बारीक', मी असले कार्यक्रम बघितलेत आणि त्यातली जाडी मुलं पुढच्या कार्यक्रमाला येत नाहीत. शिवाय आपल्याकडे प्रश्न फक्त जाडीचा नाहीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत गोव्यात पाच वर्षांखालच्या निम्म्याहून जास्त मुलांत रक्त कमी निघालं, आणि चारातलं साधारण एक मूल वयाच्या मानाने ठेंगणं. चिप्स खाऊन पोट भरलेलं पोर आतून उपाशी असू शकतं, हे त्या पालक सभेतल्या भाऊंना सांगा. म्हणून कमी खा, डाएट कर असलं काही मुलांच्या कानावर पडू देऊ नका. वजनाची किंवा रक्ताची शंका असेल तर आईला बाजूला घेऊन आरोग्य केंद्रात पाठवा, शाळेत आठवड्याची लोहाची गोळी आणि जंताची गोळी मिळते ती पोरं खरंच गिळतात की खिडकीबाहेर टाकतात ते बघा.

थंड पेयाचं दाखवायचं असेल तर भाषण नको, एक बाटली आणि साखरेचा डबा घ्या. ३०० मिलि कोलात साधारण ३२ ग्रॅम साखर असते, म्हणजे आठ लहान चमचे. पाचवीच्या मुलांनाच लेबल वाचून चमचे मोजायला लावा, ती स्वतः 'आयला' म्हणतात आणि घरी जाऊन बापाला सांगतात. सीबीएसईने २०२५ मध्ये शाळांना असे साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितलेच आहेत, आपल्या बोर्डाच्या शाळेने लावला तर कोण अडवतंय. आणि बाप लोकांवरून आठवलं, ड्युटीवरून येताना रोज खाऊ म्हणून पाकीट आणतात ते तेच असतात हो, सगळा दोष गाडेवालीला कशाला. त्यांना सांगा खाऊ आणा, पण बाजारातून रसबाळी (केळ्याची एक जात) केळी आणा, भाजलेले शेंगदाणे आणा.

सगळं एकदम काढू नका. पहिल्या महिन्यात फक्त चणे आणि मैदानाचा दीड तास. एक साधी वही ठेवा, संध्याकाळी कोण कोण आलं तेवढंच लिहायचं, वजन नाही, उंची नाही, मार्क नाहीत. दोन आठवडे लागोपाठ एखादं नाव दिसलं नाही तर कोणीतरी त्या घरी चक्कर मारा, पोर आजारी आहे की कोणी मारलंय की ट्यूशन लागलीय ते कळेल. ट्यूशन असेल तर बाईंना भेटून वेळ साडेसहाची करून मागा, तीन-चार आया एकत्र गेल्या तर शक्यतो नाही म्हणणार नाहीत.

आणि चणे रात्री भिजत घालायची पाळी कोणाची ते आधीच लिहून ठेवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी तुम्हीच एकट्या कुकर लावत बसाल.